यात सगळं आलं

पुंजाराम मिस्त्रीला कुणी भाव विचारला की तो इंजिनाकडे बघायचा नाही, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं, मागं दोन खोल्यांचं घर आणि दारात ट्रॅक्टरच्या जुन्या सीटची केलेली खुर्ची. त्या खुर्चीत बसून त्यानं चाळीसेक वर्षं प्रत्येक काम गुत्त्यानं घेतलं. म्हणजे कामाला हात लावायच्या आधी एकच आकडा सांगायचा, वर 'यात सगळं आलं' म्हणायचं, आणि मग इंजिन खोलल्यावर आतून साप निघो नाहीतर विंचू, आकडा हलू द्यायचा नाही. बाकीच्या मिस्त्रींच्या आकड्याला बोनेट उघडलं की पोरंबाळं होतात, हे साऱ्या दुनियेला ठाऊक आहे. पुंजारामचा आकडा मात्र सांगितला तेवढाच राहायचा. म्हणून जालन्याचे ट्रकवाले आणि पैठणकडचे ट्रॅक्टरवाले वाट वाकडी करून त्याच्याकडे येत आणि म्हणत, पुंजाबाची जबान म्हणजे स्टॅम्पपेपर.

त्याची बायको सरूबाई मात्र भाव निघाला की तिथं थांबायची नाही. चहाचे ग्लास घेऊन आलेली असो की उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली असो, गिऱ्हाइकानं 'किती घेता' म्हटलं की पदर सावरून ती मागच्या दारानं आत. लोक म्हणत, बाईमाणसाची रीत आहे. घरातल्यांनाही तसंच वाटायचं, आणि एकदा रीत म्हटली की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

या दोघांची मुलगी उमा. तिनं तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, वाळूजच्या एका कंपनीत सहा वर्षं टर्बोचार्जर तपासण्याचं काम केलं, आणि कंपनीनं ते काम दुसऱ्या राज्यात हलवलं तेव्हा घरी येऊन बापाच्या गॅरेजात उभी राहिली. लग्नाचं विचारणाऱ्या बायांना ती 'सध्या क्लचप्लेट बदलायलेय' एवढंच सांगायची. पुंजारामचे गुडघे गेले होते, त्यामुळे हात तिचे आणि तोंड त्याचं अशी वाटणी आपोआप झाली. पण ट्रॅक्टर आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागले होते. तिचा भाऊ वैजनाथ पुण्यात नोकरीला होता. तो दर फोनला एकच पालुपद लावायचा, शटर मिठाईवाल्याला भाड्यानं द्या आणि आरामात बसा. मिठाईवाला येऊन जागा मोजूनही गेला होता.

उमाला ते गॅरेज पाहिजे होतं. आता जुनं काम नाही, नवं करायचं, लोकांच्या गाड्या जोरकस करून द्यायच्या, असं तिच्या डोक्यात होतं. पुंजारामनं ऐकून घेतलं आणि अट घातली. पाडव्यापर्यंत एक मोठं काम घे, रीतीनं गुत्त्यावर घे, आणि त्यात चार पैसे उरवून दाखव. उरले तर गॅरेज तुझं. नाहीतर पाडव्याला मिठाईवाल्याच्या हातात किल्ली.

तात्यासाहेब देवगावकर आले ते याच दिवसांत. पाटबंधारे खात्यातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, औरंगपुऱ्यात घर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आयुष्यभर दुसऱ्याच्या खर्चाला हरकती घेण्यात गेलेल्या या माणसानं निवृत्तीच्या पैशातून दोन सीटांची, छप्पर मागं सारता येणारी, लाल रंगाची जुनी गाडी घेतली होती. ती जमिनीला इतकी चिकटून होती की मुकुंदवाडीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'चप्पल' ठेवलं. दिसायला ती वाघीण होती, पण चढावर तिचा श्वास फुलायचा. नगरच्या रस्त्याला त्यांच्या जावयानं डिझेल गाडीत सासू, बायको, दोन पोरं आणि गव्हाचं पोतं घालून त्यांना मागं टाकलं होतं, आणि वर काचेतून हात हलवला होता. तो हात तात्यासाहेबांच्या मनातून जात नव्हता. शेंद्र्याच्या पुढं एका खाजगी धावपट्टीवर गाड्यांचा एक क्लब वर्षातून एकदा शर्यत ठेवायचा, तिथं जावईही यायचा. पाडव्याच्या आधीच्या रविवारी त्यांना जावयाच्या पुढं जायचं होतं. त्यासाठी गाडीला टर्बो पाहिजे होता, आणि त्याला किती लागतील ते सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. तात्यासाहेबांना ते रुपयापर्यंत हवं होतं.

उमानं चार दिवस मागून घेतले. टर्बो म्हणजे काय, तर गाडीच्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पंखा जुना घेऊन नीट करून घेतला तर वीस-बावीस हजारांत येतो, आणि माणूस तिथंच फसतो. हवा वाढली की पेट्रोल वाढवावं लागतं, म्हणजे मोठे इंजेक्टर आले. हवा तापते, ती गार करायला इंटरकूलर आला. धूर वळवायला नवं मॅनिफोल्ड, टर्बोला तेल न्यायच्या नळ्या, वाढलेला जोर सोसायला क्लच, गाडीचा मेंदू नव्यानं पढवायला पुण्याचा ट्यूनर, आणि एवढी पळणारी गाडी थांबवायला मोठे ब्रेक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मजुरी आणि अडीअडचणीचे धरून तिचा आकडा दोन लाख छप्पन्न हजारांवर गेला. तिनं तो दोनदा तपासला, कुठंच हात मारलेला नव्हता.

तात्यासाहेब आले, त्यांनी आकडा ऐकला आणि चष्मा काढून पुसला. घरी विचारून सांगतो, म्हणाले. आपल्याकडं 'घरी विचारतो' याचा अर्थ काय असतो ते पुंजारामला कुणी शिकवायची गरज नव्हती. लेकीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक पायऱ्या उतरून चाललंय, एवढंच त्याला दिसलं. त्यानं आयुष्यात ट्रॅक्टरला आणि ट्रकला टर्बो बसवले होते. तिथं तो कंपनीनंच ठरवून दिलेला असतो, जुना काढायचा आणि नवा लावायचा. सरूबाई चहा खाली ठेवून केव्हाच आत गेली होती.

"साहेब, थांबा," पुंजाराम म्हणाला. "दीड लाख. गुत्त्यानं. यात सगळं आलं."

तात्यासाहेब जागच्या जागी वळले. सगळं म्हणजे सगळं ना, असं त्यांनी विचारलं, आणि पुंजारामनं छातीवर हात ठेवला. निम्म्या रकमेचा चेक तिथंच फाटला. उमाच्या हातात पाना होता, तो तिनं सावकाश खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

त्या दुपारी बापलेकीचं जे झालं ते शेजारच्या पंक्चरवाल्यानंही ऐकलं. तुम्हाला कुणी विचारलं होतं, असं ती म्हणाली. गिऱ्हाईक गेलं असतं, असं तो म्हणाला. गेलेलं परवडलं असतं, असं ती म्हणाली. शेवटी पुंजाराम म्हणाला, जबान गेली ती गेली, आता ती माघारी घ्यायची तर हे शटर आधी ओढ आणि मग बोल. जबान उमाची नव्हती, पण काम तिच्या अंगावर होतं. तिला बापाचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागातच तिनं ठरवलं की दीड लाख म्हणजे दीड लाख, त्यातच करून दाखवायचं.

मग ती कामाला भिडली. आधी तिनं मजुरी छाटली, म्हणजे स्वतःचं पोट छाटलं. अडीअडचणीचे पंधरा हजार छाटले, जणू अडचणी आपला आकडा बघूनच येतात. मोठे ब्रेक यादीतून खोडले, जुन्यांवर भागेल म्हणून. इंटरकूलर तिनं चिकलठाण्याच्या भंगारवाल्याकडे एका आपटलेल्या डिझेल गाडीतून उपसून आणला आणि साबणाच्या पाण्यानं पोरासारखा न्हाऊ घातला. मॅनिफोल्डचं ड्रॉइंग स्वतः काढलं. कंपनीतल्या जुन्या ओळखीच्या एका वेल्डरनं ते उरलेल्या नळ्यांतून जोडून दिलं, बदल्यात तिनं त्याच्या मोटारसायकलचं इंजिन बांधून दिलं. इंजेक्टर दुसऱ्या एका मोठ्या गाडीचे बसतात, हे तिनं दोन रविवार मोजमाप घेऊन शोधून काढलं. पुण्याच्या ट्यूनरशी तिनं फोनवर अशी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, ताई, वायरिंग तुम्ही करून आणा, मी माझे कमी करतो. तिनं वायरिंग केलं. लोखंडाच्या कामात ती पुरुषाला भारी होतीच, आता पैशाच्या कामात आईच्या वरताण निघाली, असं पुंजाराम कौतुकानं पंक्चरवाल्याला सांगायचा. आईचं नाव त्यानं का घेतलं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

आणि मग अडचण आलीच. टर्बो चढवायच्या आधी तिनं इंजिनाचा दाब तपासला, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये दम नव्हता. खोललं, तर रिंगा झिजलेल्या आणि बेअरिंगला ओरखडे. अशा इंजिनात हवा कोंबली असती तर धावपट्टीवर त्याचे तुकडे वेचावे लागले असते. ते दुरुस्त करण्यात चौतीस हजार गेले. तात्यासाहेबांची गाडी आधीपासून आजारी होती आणि त्याचा खर्च गुत्त्यात येतो की नाही, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात उठला असता. इथं उठला नाही. यात सगळं आलं होतं.

शर्यतीला आठवडा राहिला तेव्हा गाडी पुण्याहून ट्यून होऊन आली. उमानं ती सकाळी जालना रोडला काढली. गिअर टाकून पाय दाबला, मागून शिट्टीसारखा आवाज चढत गेला, आणि पाठ सीटला चिकटली. चप्पल कसली, ती गोफणीतून सुटलेला दगड झाली होती. उमा एकटीच मोठ्यानं हसली. एवढ्या दिवसांत तिला पहिल्यांदा निव्वळ आनंद झाला होता.

पुढं सिग्नल लाल झाला. तिनं ब्रेक दाबला. गाडी मंद झाली, पण थांबायला तयार होईना. पांढरा पट्टा ओलांडून, एका भाजीच्या हातगाडीच्या पुढ्यात ती उभी राहिली तेव्हा चाकांतून जळक्या वासाचा धूर येत होता. भाजीवाल्यानं तिच्या कुळाचा उद्धार केला, आणि तिनं मान खाली घालून तो ऐकून घेतला. शेंद्र्याची धावपट्टी जिथं संपते तिथं ज्वारीचं शेत आहे आणि शेताच्या बांधाला दगडी विहीर, हे तिला आठवत होतं. तिथं सिग्नलच्या दुप्पट वेगानं गाडी पोचणार होती, आणि स्टिअरिंगवर त्रेसष्ट वर्षांचा माणूस असणार होता.

मोठ्या डिस्क, पॅड आणि नळ्या, टॅक्स धरून अडतीस हजार. आणि दीड लाख, आलेले आणि यायचे दोन्ही धरून, संपले होते, अगदी खरवडून संपले होते.

वैजनाथचा फोन आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, ब्रेक त्यांनी मागितले होते का, नाही ना, मग तू टर्बो बसवून दिलास, विषय संपला. वर म्हणाला, दात कोरून पोट भरत नसतं, आता तरी मिठाईवाल्याला हो म्हणा. तिनं फोन ठेवून दिला. ब्रेक न बदलता गाडी दिली असती तर कुणालाही कळलं नसतं, निदान रविवारपर्यंत. ते तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण भाजीच्या गाडीवरच्या वांग्यांचा रंग अजून तिच्या डोळ्यांसमोर होता, इतक्या जवळून तिनं तो बघितला होता.

पुंजारामला सांगितलं तर त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. "यात सगळं आलं म्हणलो मी," तो म्हणाला, "म्हंजी ब्रेक बी आले. टाक नवे. गल्ल्यातून घे तुझ्या मायकडून. आजवर कमी पडले का कधी?"

गल्ला म्हणजे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. तो कायम सरूबाईच्या ताब्यात असायचा आणि पुंजाराम त्यात कधी डोकावायचा नाही, कारण मागितले की पैसे यायचे. उमा आत गेली. आई मागच्या अंगणात, रिकाम्या गोठ्याच्या ओट्यावर तीळ पाखडत होती. उमानं ब्रेकचं सांगितलं, आकडा सांगितला, आणि डबा मागितला. सरूबाईनं सूप खाली ठेवलं.

"आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येईल, बाई," ती म्हणाली. "त्या डब्यात तुझ्या आबाचे पैसे कधी पुरलेच नाय. म्हशी होत्या तवर म्या पुरवले. चंद्री एका ट्रकात गेली, तिची पारडी जालन्याच्या ट्रॅक्टरात. तीन म्हशी तीन इंजिनात गेल्या. आता कोण हाय इकायला?"

उमा खालीच बसली. सिडकोच्या घराघरांत आई पहाटे दूध घालायची, ते तिला आठवत होतं. म्हशी का विकल्या विचारलं तर आई म्हणायची, चाऱ्याचे हाल होतात, आता होत नाही माझ्यानं. आणि बाप गिऱ्हाइकांना सांगायचा की इमानानं धंदा केला की बरकत येतेच. ती बरकत रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन सिडकोच्या जिन्यांवरून चढत-उतरत होती.

"आबांना म्हाईत हाय?"

"नाय. आन् तू बी सांगायचं नाय. त्या माणसाजवळ तेवढं एकच हाय."

भाव निघाला की आई उठून आत का जाते, हे उमाला त्या ओट्यावर कळलं. आकडा ऐकला की तिचा हिशोब तिथंच सुरू होत असणार, की यातले आपले किती. उमाला रडू आलं, आणि त्याचबरोबर चीडही आली, आणि दोन्हींपैकी जास्त कोणतं ते तिला ठरवता येईना.

तिच्याजवळ कंपनीतून निघताना मिळालेले थोडे पैसे बँकेत होते. ब्रेक त्यात झाले असते. बापाची जबान राहिली असती, 'चार पैसे उरले' असं खोटं सांगता आलं असतं, गॅरेजही मिळालं असतं. आणि मग पुढची तीस वर्षं तीही कुणी भाव विचारला की उठून आत गेली असती. आईकडं म्हशी तरी होत्या. हे काही आपण करणार नाही, असं तिनं ठरवलं. बापाचं मन मोडलं तरी चालेल, गॅरेज गेलं तरी चालेल, पण आकडा खरा सांगायचा, आणि तो ब्रेक आणायच्या आधी सांगायचा. तिनं तात्यासाहेबांना फोन करून बोलावून घेतलं. आईला दिलेला शब्द मात्र ती पाळणार होती. म्हशींचं ती बोलणार नव्हती.

तात्यासाहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पुंजाराम खुर्चीत होता, सरूबाई चहा घेऊन आली होती. उमानं गाडीचं चाक काढून ठेवलं होतं. तिनं जळालेले पॅड त्यांच्या हातात दिले, सिग्नलला काय झालं ते सांगितलं, ज्वारीचं शेत आणि विहीर सांगितली. मग त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली की आबांनी सांगितलेला आकडा चुकीचा होता, ब्रेकचे अडतीस हजार वर लागतील, आणि ते दिल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही. द्यायचे नसतील तर टर्बोचा जोर कमी करून देते. गाडी पहिल्यासारखीच धावेल, पण थांबेल.

गॅरेजात चाळीस वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. पुंजाराम खुर्चीच्या दांड्यांना धरून उठला. गुडघे नको म्हणत असतानाही उठला. "साहेब, पोरीकडं ध्यान देऊ नका," तो म्हणाला. "म्या जबान दिलीय. वरचं मी भरीन."

पैशाची गोष्ट निघून बराच वेळ झाला होता आणि सरूबाई अजून तिथंच उभी होती, हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"कशानं भरता?" ती म्हणाली. "गोठा रिकामा हाय."

ती चढ्या आवाजात बोलली नव्हती. पुंजाराम तिच्याकडं वळला. म्हणजे काय, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि विचारायच्या आधीच त्याला उत्तर कळलेलं त्याच्या तोंडावर दिसलं. एकेक म्हैस त्याच्या डोळ्यांपुढून गेली असणार, आणि प्रत्येकीच्या मागं कुठलं इंजिन होतं तेही आठवलं असणार, कारण इंजिनं तो विसरायचा नाही. तो खाली बसला. उमाला वाटलं, आपण जाऊन त्याचा हात धरावा. पण ती जागची हलली नाही, कारण हलली असती तर तिनं सगळं परत घेतलं असतं.

तात्यासाहेबांनी ही घरातली गोष्ट आहे हे ओळखून हातातले पॅड खाली ठेवले.

"मिस्त्री, मी पाटबंधाऱ्यात छत्तीस वर्षं काढली," ते म्हणाले. "पहिल्या अंदाजपत्रकात पुरा झालेला एक कालवा मला दाखवा. काम उकरलं की खडक लागतोच. आम्ही त्याला सुधारित अंदाजपत्रक म्हणतो, आणि त्यात कुणाची अब्रू जात नाही. फक्त ते खर्च करायच्या आधी मांडावं लागतं, आणि या मुलीनं ते आधी मांडलंय."

एवढं बोलून त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, आणि मग त्यांच्यातला लेखाधिकारी जागा झाला. उमानं पुढं केलेला हिशोब त्यांनी ओळीनं बघितला. ब्रेक मंजूर. क्लच नामंजूर, तो मूळ गुत्त्यात होता. रिंगांचे अर्धे, कारण आजार गाडीचा होता पण तपासायच्या आधी आकडा सांगणं ही चूक गॅरेजची. मग एका जागी पेन थांबलं. मजुरीपुढं शून्य होतं. शून्य मजुरीचं अंदाजपत्रक म्हणजे कुठंतरी खोटं लिहिलंय असं आम्ही धरतो, असं ते म्हणाले, आणि तिनं पंचवीस हजार म्हटल्यावर घासून घासून तेरावर आणले. त्यांचा उदारपणाही असा वजावाट करूनच यायचा.

पुंजाराम उठून आत गेला आणि पुन्हा खुर्चीत बसायला आला नाही. पुढचे दोन दिवस तो आत पडून राहिला. उमानं ब्रेक बसवले. मनातून ती फार अस्वस्थ होती, आणि प्रत्येक बोल्ट जरुरीपेक्षा दोनदा तपासत होती. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणातून तिला आईबापाचं बोलणं ऐकू आलं. बोलणं कसलं, पुंजाराम एकेका कामाचं नाव घेत होता आणि सरूबाई आकडा सांगत होती. शेवटी पुंजाराम एवढंच म्हणाला, "सांगायचं नाय व्हय मला." आणि सरूबाई म्हणाली, "तुमी इचारलं नाय कधी."

रविवारी शेंद्र्याला जावयाची डिझेल गाडी चप्पलच्या मागं चार गाड्यांचं अंतर राहिली. तात्यासाहेबांनी काचेतून हात हलवला, दोन वेळा हलवला. मग त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी ज्वारीच्या कितीतरी अलीकडं गपकन उभी राहिली. त्यांची टोपी तेवढी उडून पुढं जाऊन पडली.

हिशोब झाला तेव्हा सगळं जाऊन उमाच्या हातात तीस हजार राहिले. एवढ्या महिन्यांच्या राबणुकीला ते काही फार नव्हते. वैजनाथनं फोनवर विचारलं, हे उरलेले धरायचे का, कारण हे गुत्त्यावर नव्हतेच. प्रश्न खोटा नव्हता. उमानं तो तसाच बापाला सांगितला. पुंजारामनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं कूस वळवली. मिठाईवाला पाडव्याच्या आदल्या दिवशी येणार होता.

तो आला, आणि नेमका त्याच वेळी हर्सूलचा फकिराही आला, ट्रॅक्टर ओढत आणि शिव्या देत. जुनं गिऱ्हाईक, पंधरा वर्षांचं. पुंजाराम त्या दिवशी पहिल्यांदाच पुन्हा खुर्चीत बसला होता. सरूबाई उंबऱ्यावर गुढीसाठी आणलेला कडुलिंब निवडत होती. मिठाईवाला किल्लीसाठी थांबला होता. उमा ट्रॅक्टरखाली वाकून तेल कुठून गळतंय ते बघत होती.

"पुंजाबा, जास्ती बोलत नाय," फकिरा म्हणाला. "एकच आकडा सांग. गुत्त्यानं. किती घेशील?"

सवयीनं पुंजारामचं तोंड उघडलं. त्यानं फकिराच्या तोंडाकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं बघितलं. सरूबाईचा हात पदराकडं गेला होता आणि ती अर्धी उठली होती.

"आधी खोलू दे," पुंजाराम म्हणाला. "आत काय हाय ते बघून उमी सांगंल. गॅरेज तिचं हाय."

फकिरा बघतच राहिला. मिठाईवाल्यानं घड्याळात बघितलं आणि चपला शोधू लागला. सरूबाई पुन्हा खाली बसली, आणि उमानं आकडा सांगेपर्यंत कडुलिंब निवडत तिथंच बसून राहिली.